बाबराची नावडती जागा

परसांत बाग करावयाची म्हटली म्हणजे गृहस्थ आधीं जागा पाहतो. ऊन कोठें पडतें, पाणी कोठवर पोहोंचतें, माती कशी आहे, याचा विचार करतो. आणि मनाजोगी जागा न मिळाल्यास बेतच सोडून देतो. अशा गृहस्थानें ‘बाबरनामा’ चाळून पाहावा.

काबूलच्या मुलखांत बाबराला जागेची ददात नव्हती. १५०८-०९ मध्यें अदीनापूरच्या किल्ल्यासमोर त्यानें ‘बाग-ए-वफा’ लावली, ती उंचवट्यावर, वाहतें पाणी जवळ पाहून. १५२६ मध्यें पानिपत जिंकून तो आग्र्यास आला, तेव्हां मात्र प्रसंग निराळा होता. यमुना ओलांडून त्यानें बागेसाठीं जमीन पाहिली. ती इतकी ओसाड व कुरूप वाटली कीं तो विटून परतला. परंतु आग्र्याजवळ दुसरी जागाच नव्हती. कांहीं दिवसांनीं त्यानें तीच हातीं घेतली. प्रथम मोठी विहीर झाली, मग अष्टकोनी हौद. पुढें ताटव्यांतून गुलाब व नर्गिस नीट ओळीनें लागले.

या उद्योगानें त्याचें मन आग्र्यास रमलें असें मात्र नव्हे. १५२९ मध्यें त्यानें काबूलच्या ओढीनें एक पत्र लिहिलें. खरबूज कापून खातांना आपणांस रडूं आलें, असें त्यांत तो सांगतो. मृत्यूनंतर त्याचा देहही अखेर काबुलासच नेण्यांत आला.

मन काबुलांत असतांना त्यानें विहीर आग्र्यास खणविली. आपल्या परसाला नांवें ठेवण्यापूर्वीं आपण एवढें तरी आठवावें.