ढगात शरीराची साक्ष

वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग आहे. फिरत्या खुर्चीवर एका विद्यार्थ्याला बसवा, डोळ्यांवर रुमाल बांधा आणि पाय वर घ्यायला सांगा. खुर्ची ज्या दिशेने फिरते असे वाटेल, त्या दिशेला त्याने अंगठा दाखवायचा. थांबली असे वाटले की अंगठा सरळ वर. आता खुर्ची एकाच संथ वेगाने फिरवत राहा. सुरुवातीला अंगठा अचूक दिशा दाखवतो. थोड्या वेळाने मात्र तो सरळ होतो, खुर्ची तर फिरतेच आहे! मग खुर्ची थांबवा. अंगठा चक्क उलट दिशेला वळतो. वर्गात हशा पिकतो. (खुर्चीवरून उतरताना त्याला आधार द्यायला विसरू नका.)

१९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या क्रिसी फील्ड या लष्करी तळावर विल्यम ऑकर हा मुरलेला वैमानिक अशाच खुर्चीवर बसला होता. वैद्यकीय तपासणी चालू होती. डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी खुर्ची फिरवली आणि ऑकरची उत्तरे चुकत गेली. त्याची प्रकृती तर ठणठणीत होती. ऑकर पुन्हा आला तो एक पेटी घेऊन. तिच्यात विजेरीच्या उजेडात दिसणारे वळणदर्शक उपकरण होते. पेटीत डोकावून त्याने सगळी उत्तरे बरोबर दिली.

असे का घडते? आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. पाण्याने भरलेले पातेले फिरवून पाहा. आधी पातेले फिरते आणि पाणी मागे राहते. मग दोघांचा वेग सारखा होतो. पातेले थांबवले तरी पाणी फिरतच राहते. नलिकांतही असेच होते. त्यांना वेगातला बदल कळतो, स्थिर वेगाने फिरणे कळत नाही. जमिनीवर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात शिरलेल्या वैमानिकाला क्षितिजच दिसत नाही.

त्या काळी अंगच्या जाणिवेवर विमान चालवणे हीच खरी कला मानली जाई. त्यामुळे ऑकरचे म्हणणे सगळ्यांना सहजासहजी पटले नाही. पण २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून विमान उडवले, वळवले आणि पुन्हा उतरवले. डूलिटल हे वैमानिक तर होतेच, शिवाय विमानशास्त्रातले डॉक्टरेटही होते. त्यांच्यापुढे कृत्रिम क्षितिज, जायरोस्कोपवर चालणारा दिशादर्शक, सूक्ष्म उंचीमापक आणि रेडिओचे संकेत होते. पुढच्या आसनावर बेन केल्सी सावधगिरी म्हणून बसले होते. त्यांना सुकाणूला हात लावावा लागला नाही.

उपकरणे आली, पण ती वापरण्याचे शिक्षण मागे राहिले. त्याची किंमत १९३४ साली मोजावी लागली. अमेरिकन सरकारने टपाल वाहून नेण्याचे काम खाजगी कंपन्यांकडून काढून लष्कराकडे दिले. भर हिवाळ्यात, रात्री-अपरात्री उडण्याची सवय नसलेले बारा जण त्या काही महिन्यांत प्राणाला मुकले. त्यानंतर लष्कराने एडविन लिंक यांची सहा शिक्षणयंत्रे विकत घेतली. लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्याच वाद्यातले भाते वापरून त्यांनी जमिनीवरच डुलणारे, वळणारे विमान बनवले होते!

मग साधी, खाजगी विमाने चालवणाऱ्यांचे काय? १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात अशा उड्डाणाचा अनुभव नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसू न देता विमान चालवायला दिले. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. सरासरी १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटांच्या आत, ताबा सुटला. एकोणीस जण घसरत्या चक्रात सापडले. विमान एका बाजूला कलून वळत असते, पण ते सरळ आहे असेच वाटते. उंची कमी होते म्हणून वैमानिक नाक वर ओढतो, आणि वळण आणखीच आवळते. याच लोकांना काही धडे दिल्यावर मात्र उपकरणांकडे पाहत सुखरूप मागे वळणे जमू लागले.

आज अमेरिकेत खाजगी वैमानिकाला उपकरण-उड्डाणाचा परवाना हवा असेल, तर इतर अटींबरोबर चाळीस तासांचा तसा सराव दाखवावा लागतो. डोक्यावर झापड बसवतात, म्हणजे बाहेरचे दिसत नाही. नजर एका तबकडीवर खिळवून चालत नाही. ती सतत सगळ्या तबकड्यांवरून फिरवावी लागते, एकीचे म्हणणे दुसरीशी ताडून पाहावे लागते, कारण उपकरणही बिघडू शकते. शरीर ओरडून सांगत असते, ‘तू डावीकडे कलला आहेस!’ आणि हात मात्र तबकड्या सांगतील तेच करत राहायला हवेत. हे एकदा समजून भागत नाही. अंतर्कर्ण शिकत नाही, शिकतो तो वैमानिक.

आता पुन्हा वर्गात येऊ. खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला सगळे समजावून सांगा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. अंगठा पुन्हा चुकेल. ‘कारण माहीत असूनही का चुकलास?’ असे त्याला विचारा, आणि उत्तर शोधायला वेळ द्या.