डेन्मार्कची नाताळची बशी

नाताळचा सण निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती लोकांनीं आपापल्या हस्तकौशल्यानें सजविला आहे. कोणी गोठा रचिला, कोणी तारा टांगिला. डेन्मार्कच्या कारागिरांनीं चिनी मातीच्या बशीवर त्या पवित्र रात्रीचें चित्र व सन उमटविला. ह्या लहानशा वस्तूचा इतिहास आम्ही येथें संक्षेपानें सादर करीत आहों.

कोपनहेगन येथें १७७५ सालीं राणी युलियाना मारिया हिच्या आश्रयानें चिनी मातीचा राजकारखाना निघाला. तीन निळ्या लहरी ही त्याची खूण होय. तेथें ग्रेन्दाल नांवाचा एक मूर्तिकार काम करीत असे. त्यानें १८५३ सालीं बिंग ह्या यहुदी व्यापारी बंधूंशीं भागी करून स्वतंत्र कारखाना काढिला, व तोर्वाल्सन ह्या डॅनिश शिल्पकाराच्या कृति बिनझिलईच्या शुभ्र मातींत उतरविण्यास आरंभ केला. रोम येथील संत पेत्राच्या महामंदिरांत पोप सातवे पायस ह्यांचें समाधि-स्मारक घडविणारा प्रॉटेस्टंट कलावंत तो हाच. ग्रेन्दाल १८५६ सालींच वारला. परंतु बिंग घराण्यानें कारखाना नेटानें चालविला.

पुढें हॅराल्ड बिंग ह्यांच्या अमदानींत, १८९५ सालीं, तेथें पहिली नाताळची बशी निघाली. चित्र फ्रान्स ऑगस्ट हॅलिन ह्यांचें. हिमानें गोठलेल्या खिडकींतून दिसणारें कोपनहेगन शहर, व खालीं डॅनिश भाषेंत 'नाताळची पूर्वसंध्या, १८९५' अशीं अक्षरें. अशा सुमारें ४०० बशा झाल्यावर साचा मोडून टाकिला. दरसाल नवें चित्र व जुन्या साच्याचा नाश, हा नियम तेव्हांपासून पडला; दोन महायुद्धांतहि ह्या मालिकेंत खंड पडला नाहीं. बशीवरील चित्र किंचित् उठावाचें असतें. त्यावर कोबाल्टाचा निळा रंग देऊन वर झिलई चढवितात व प्रखर भट्टींत भाजतात. रंग झिलईखालीं राहिल्यामुळें तो घासून जात नाहीं.

राजकारखान्याची बशी १९०८ सालीं निघाली. तिजवर क्रिस्तियन थॉमसेन ह्यांनीं पवित्र मरिया व बाळ येशू ह्यांचें चित्र योजिलें. १५३६ सालीं रोमशीं नातें तोडून ल्यूथरपंथी झालेल्या, व १८४९ च्या राज्यघटनेनेंच कॅथलिकांस उपासनेची पूर्ण मोकळीक देणाऱ्या देशांत मालिकेचा आरंभ मातेच्या दर्शनानें व्हावा, हें आम्हांस विशेष वाटतें. १९८७ सालीं दोन्ही कारखाने एक झाले.

साचा मोडल्यानें बशी दुर्मिळ होते, आणि दुर्मिळ झाल्यानें संग्राहकांत तिची किंमत चढते. परंतु तो साचा मोडण्यांत आम्हांस निराळाच बोध दिसतो. गेलेलें वर्ष पुन्हां घडवितां येत नाहीं. त्याची एक निशाणी तेवढी भिंतीवर उरते. यहुदी मालक, ल्यूथरपंथी देश, आणि मध्यें मरियेच्या कुशींतील बाळ, एवढें सारें एका बशीवर मावलें. तिची किंमत बाजारांत ठरत असेल. तिचें मोल मात्र त्या बाळाकडे पाहणाऱ्यासच कळावयाचें.