फायव्हीचे पांच बुरूज

किल्ल्याचा धनी बदलला कीं जुन्या धन्याचें नांव पुसण्याची घाई नव्याला होते, असा सर्वत्र अनुभव आहे. स्कॉटलंडच्या ईशान्येस, अ‍ॅबर्डीनशायरांत, इथन नदीजवळ उभा असलेला फायव्हीचा किल्ला मात्र या नियमाला अपवाद होय. त्याच्या पांच बुरुजांना प्रेस्टन, मेल्ड्रम, सेटन, गॉर्डन व लीथ अशीं तेथें क्रमानें नांदलेल्या पांच घराण्यांचीं नांवें आहेत. प्रत्येक घराण्यानें एकेक बुरूज बांधला, ही समजूत अक्षरशः खरी मानतां येत नाहीं. दक्षिणेकडील भव्य दर्शनी रूप मुख्यतः सेटनच्या काळचें, असें वास्तुशास्त्राचे जाणकार मानतात. तथापि किल्ला कोणाकडे गेला यापेक्षां तो कशाच्या बळावर गेला, हें पाहणें आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें.

मुळांत हें राजाचें ठाणें. १२९६ सालीं इंग्लंडचा पहिला एडवर्ड येथें उतरला होता. पुढें १३८८ मध्यें ऑटरबर्नच्या लढाईंत रॅल्फ पर्सी हा इंग्लिश सरदार कैद झाला. त्याच्या खंडणीच्या मोबदल्यांत सर हेन्री प्रेस्टन यास १३९० च्या सुमारास फायव्ही मिळाला. म्हणजे पहिली मालकी तरवारीची. प्रेस्टनच्या मागें किल्ला कन्येच्या विवाहसंबंधानें मेल्ड्रम घराण्याकडे गेला व तेथें दीडशें वर्षांहून अधिक राहिला. ही दुसरी मालकी सोयरिकीची.

१५९६ सालीं अलेक्झांडर सेटन यानें तो विकत घेतला. हा लढवय्या नव्हे, कायदेपंडित. १६०४ मध्यें तो स्कॉटलंडचा चॅन्सेलर झाला व १६०५ मध्यें डन्फर्मलिनचा अर्ल. किल्ल्यांतील रुंद चक्राकार दगडी जिना त्याचाच. त्याची पहिली पत्नी लिलियस ड्रमंड हिला पांच मुली झाल्या. १६०१ सालीं ती निवर्तली व सेटननें लौकरच दुसरा विवाह केला. पुत्र न झाल्यामुळें पतीनें तिचा छळ केला, आणि त्याच्या नव्या विवाहाच्या रात्रीं तिच्या आत्म्यानें खिडकीच्या बाहेरील दगडावर आपलें नांव कोरलें, असें दंतकथा सांगते. कथा कांहींही असो, उंचावरील त्या दगडावर तें नांव आजही वाचतां येतें.

चौथ्या अर्लानें पदच्युत राजा दुसरा जेम्स याचा पक्ष धरला, म्हणून १६९० मध्यें जहागीर जप्त झाली. १७३३ सालीं अ‍ॅबर्डीनच्या अर्लानें ती खरेदी केली. त्याचा पुत्र जनरल विल्यम गॉर्डन यानें गॉर्डन बुरूज उभारला. १७६६ मध्यें बातोनी या चित्रकारानें रोममध्यें काढलेलें त्याचें चित्र अद्याप येथेंच आहे: अंगावर डोंगरी स्कॉट लोकांचें पट्ट्यापट्ट्यांचें वस्त्र, मागें कोलोसियम! शेवटीं १८८९ मध्यें अलेक्झांडर फोर्ब्स-लीथ यानें अमेरिकेंत पोलादाच्या धंद्यांत मिळविलेल्या पैशानें किल्ला घेतला.

थॉमस द ऱ्हायमर या भविष्यवाद्याच्या शापामुळें येथें थोरला मुलगा वारस होत नाहीं, अशी लोकवार्ता आहे. लीथचा एकुलता पुत्र १९०० सालीं बोअर युद्धाच्या काळांत दक्षिण आफ्रिकेंत वारला, तेव्हां तिला नवा दाखला मिळाला. पण पुत्र हिरावण्यास शापाची गरज नसते. युद्धें व रोग पुरेसे असतात.

तरवार, सोयरीक, अधिकार, जमीनदारीचा पैसा व पोलाद यांनीं घेतलेला हा किल्ला १९८४ सालीं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाकडे आला, आणि आतां तो कोणाही पाहुण्यास खुला आहे. बुरुजांवरचीं पांचही नांवें धन्यांचीं. परंतु येणारा मनुष्य प्रथम खिडकीखालचें सहावें नांव कोठें आहे तें विचारतो. जिचा या किल्ल्याच्या एका दगडावरही हक्क नव्हता, तिचें नांव दगडानेंच सांभाळावें, यांत इतिहासानें केलेला थोडासा न्याय आहे, असें आम्हांस वाटतें.