पार्कूर : उडी मारण्याआधी पडायला शिकणं

आजचा विषय तरुण आहे, वक्ता तितका नाही. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला या विषयात पडावंसं का वाटलं, ते बोलता बोलता स्पष्ट होईल.

पार्कूर हा शब्द ज्यांनी ऐकला नसेल त्यांनीही ते पाहिलेलं असतं. मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ येतो. एक मुलगा या गच्चीवरून त्या गच्चीवर झेप घेतो, कठड्यावर हात टेकून पलीकडे जातो, भिंतीला पाय देऊन सरसर वर चढतो. आपण म्हणतो, ‘हा एक दिवस जिवाला मुकणार.’ शेजारी बसलेला नातू म्हणतो, ‘मलाही जमेल.’ वरवर पाहता ही दोन टोकं आहेत, पण दोघांचाही समज एकच आहे : ही सगळी धाडसाची करामत आहे. आजोबा त्या धाडसाला घाबरतात, नातू त्यावर भाळतो. हा समज कसा झाला आणि मूळ गोष्ट काय होती, एवढंच मला आज सांगायचं आहे. कारण या समजापायी मुलांचे गुडघे, घोटे आणि कधी कधी जीव जातात.

सुरुवात करू 1902 सालापासून. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावर 8 मे रोजी माँ पेले या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत बेचिराख झालं. सुमारे 28,000 माणसं गेली. त्या वेळी तिथे मदतकार्यात असलेल्या फ्रेंच नौदलाच्या अधिकाऱ्यांत जॉर्ज एबेर नावाचा सत्ताविशीच्या आतबाहेरचा तरुण होता. संकटाच्या वेळी नुसतं पिळदार शरीर उपयोगी पडत नाही. पळता, चढता, तोल सांभाळता, दुसऱ्याला उचलून नेता आलं पाहिजे, हा विचार त्याने पुढे आयुष्यभर मांडला. ‘उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा’ हे त्याचं ब्रीदवाक्य. नौसैनिकांना शिकवताना त्याने व्यायामाचे दहा गट केले : चालणं, धावणं, उडी, चारी पायांवर चालणं, चढणं, तोल, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण आणि पोहणं. याला त्याने ‘नैसर्गिक पद्धत’ म्हटलं. 1913 मध्ये रॅन्स शहरातल्या मोठ्या व्यायाम-महाविद्यालयाची सूत्रं त्याच्याकडे आली. वर्षभरातच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्या संस्थेची राखरांगोळी झाली.

एबेरबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. 1925 मध्ये त्याने स्पर्धात्मक खेळांवर टीका करणारं एक पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की विक्रम आणि प्रेक्षक हेच ध्येय झालं की शरीर घडवण्याऐवजी ते वापरून संपवलं जातं.

अडथळे ओलांडत जाण्याच्या लष्करी सरावाला फ्रेंचमध्ये ‘पार्कूर द्यु काँबाताँ’ म्हणतात, म्हणजे लढवय्याचा मार्ग. आपला शब्द तिथून आला. आणि हे करणाऱ्याला फ्रेंच भाषेत म्हणतात ‘त्रासर’! मराठी कानाला ते भलतंच समर्पक वाटतं, पण अर्थ आहे माग काढत, रेघ ओढत जाणारा.

आता दुसरा माणूस, रेमों बेल. जन्म 1939, व्हिएतनाममध्ये. वडील फ्रेंच, आई व्हिएतनामी. युद्धाच्या धामधुमीत घरच्यांपासून तुटलेलं हे पोर दा लातच्या लष्करी अनाथ मुलांच्या शाळेत वाढलं. आपला कुणी बळी घेऊ नये म्हणून तो इतर मुलं झोपल्यावर रात्री एकटाच धावायचा, झाडांवर चढायचा, उड्यांचा सराव करायचा. 1954 मध्ये फ्रेंचांचा पराभव झाल्यावर तो फ्रान्सला आला आणि पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात नावाजला गेला. 1969 च्या जानेवारीत नोत्रदाम चर्चच्या उंच मनोऱ्यावर कुणीतरी व्हिएतनामी बंडखोरांचा झेंडा लावला होता. हेलिकॉप्टरमधून दोराने लटकत तो झेंडा काढणारा जवान हाच.

अग्निशमन दलाच्या जवानाची नीती काय असते बघा. त्याने उडी मारली आणि पाय मोडून घेतला तर आत अडकलेल्या माणसाचं काय? त्याला वर जायचं असतं आणि परतही यायचं असतं. दुखापत टाळणं हा तिथे कामाचाच भाग असतो. त्याला भित्रेपणा कुणी म्हणत नाही.

रेमोंचा मुलगा दाविद बेल, जन्म 1973. तो किशोरवयात पॅरिसच्या दक्षिणेला लिस या गावी राहायला आला. शेजारचं एव्री हे तेव्हा नव्याने वसवलेलं शहर. काँक्रीटचे जिने, कठडे, पूल, इमारतींना जोडणाऱ्या गच्च्या. तिथल्या उद्यानात ‘दाम द्यु लाक’ नावाचं एक प्रचंड शिल्प आहे, पिएर सेकेली या शिल्पकाराने चढाईसाठीच घडवलेलं. 1980 च्या दशकाच्या शेवटी इथे मुलांचा एक घोळका जमू लागला : दाविद, त्याचे नातलग शो आणि विल्यम्स बेल, यान नोत्रा, सेबास्तियन फुकाँ, लोराँ पिएमोंतेसी आणि आणखी काही जण. कुणाचं मूळ व्हिएतनामचं, कुणाचं आफ्रिकेतलं, कुणाचं इटलीचं, कुणाचं कॅरिबियन बेटांवरचं. खिशात पैसे नाहीत, जिमची वर्गणी परवडत नाही. वस्तीतल्या भिंती फुकट होत्या.

1997 मध्ये त्यांच्यातल्या नऊ जणांनी ‘यामाकासी’ हे नाव घेतलं. शब्द काँगोच्या लिंगाला भाषेतला; भावार्थ असा की बळकट शरीर, बळकट मन, बळकट माणूस. या गटाचे अलिखित नियम फार बोलके आहेत. पहिला : ‘एकत्र सुरू करायचं, एकत्र संपवायचं.’ मागे पडलेल्यासाठी पुढचे परत येतात आणि शेवटची फेरी त्याच्याबरोबर पूर्ण करतात. दुसरा : ‘एकदा म्हणजे कधीच नाही.’ एखादी उडी एकदा जमली तर तो योगायोग असू शकतो; पुन्हा पुन्हा, तशीच शांतपणे जमली तरच ती आपली. आणि तिसरं, फ्रेंच लष्कराच्या एका छत्रीधारी रेजिमेंटचं ब्रीद त्यांनी आपलंसं केलं : ‘असणं आणि टिकणं.’

‘टिकणं’ या शब्दावर मी जरा थांबतो. वीस वर्षांच्या मुलांनी निवडलेला हा शब्द आहे. आज किती लांब उडी मारली, हा प्रश्न त्यात नाही. पन्नासाव्या वर्षीही उडी मारता येईल का, हा आहे.

टिकण्याचा हिशेब शरीरशास्त्रात आणि पदार्थविज्ञानात काय होतो तेही पाहू. दोन मीटर उंचीवरून माणूस खाली आला की जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास असतो. तो वेग शून्यावर आणावाच लागतो. प्रश्न इतकाच की किती अंतरात. पाय ताठ ठेवून पाच सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर सांध्यांवर सरासरी तुमच्या वजनाच्या चाळीसपट भार येईल. घोटा, गुडघा, कंबर क्रमाने वाकवून तेच थांबणं पन्नास सेंटिमीटरमध्ये पसरवलंत, तर पाचपट. उंची तीच, माणूस तोच, फरक चाळीस आणि पाचचा!

म्हणून चांगल्या गटात नवा मुलगा आला की त्याला आधी जमिनीवर उतरायला शिकवतात. चवड्यांवर उतरायचं, टाचा आपटायच्या नाहीत, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, फार खोल बसायचं नाही. उतरताना आवाज किती होतो ते ऐकायचं. आवाज मोठा म्हणजे धक्का मोठा. वेग जास्त असेल तर कोलांटी घ्यायची, पण शाळेत शिकवतात तशी सरळ पाठीच्या कण्यावरून नाही. एका खांद्यावरून तिरकी विरुद्ध बाजूच्या कमरेकडे, म्हणजे काँक्रीटवर कण्याची हाडं आपटत नाहीत. हे सगळं गुडघाभर उंचीच्या कठड्यावरून, शेकडो वेळा. बघायला कंटाळवाणं असतं. त्याचे व्हिडिओ कुणी टाकत नाही.

आणखी एक गोष्ट तरुणांना पटत नाही. स्नायू काही महिन्यांत बळकट होतात. स्नायू हाडाला जोडणारे कंडरे मात्र सावकाश, कित्येक महिने आणि वर्षं घेऊन तयार होतात. मधल्या काळात मुलाला वाटतं की आपल्यात ताकद आली, आणि ती खरोखर आलेली असते. पण गुडघ्याखालचा कंडरा अजून कच्चा असतो. नडगी ठणकते, गुडघा धरतो, आणि मुलगा दुखणं लपवून सराव करत राहतो. पार्कूरमधली सगळीच दुखापत मोठ्या उडीतून होत नाही. बरीचशी अशी रोज थोडी थोडी साचत जाते.

मग हे मुलाला सांगणार कोण? पुस्तक सांगेल, पण नेमक्या त्या मंगळवारी संध्याकाळी, त्या भिंतीवर, ‘आज पुरे’ असं पुस्तक म्हणत नाही. ते म्हणतो बरोबरचा माणूस. आपल्याकडे तालमीत हेच काम वस्ताद करतो. नवं पोर आलं की डाव राहिले बाजूला, आधी हौद्यातली माती उकरायला लावतो. त्यात माती मऊ होते आणि पोराची चिकाटीही कळते. लिसच्या मुलांना वस्ताद नव्हता. ते एकमेकांचे वस्ताद झाले.

मग गोष्ट बिघडली कुठे? चित्र आणि सराव यांची फारकत झाली तिथे. 2001 मध्ये ‘यामाकासी’ हा चित्रपट आला, 2003 मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘जंप लंडन’ हा माहितीपट, 2006 मध्ये जेम्स बाँडच्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये फुकाँचा तो पाठलाग, आणि याच सुमारास यूट्यूब. उडी जगभर पोचली, उडीमागची दहा वर्षं मागेच राहिली. चित्रपटात तर जागा आधी तपासलेली असते, लागेल तिथे दोर असतात, एक प्रसंग अनेकदा चित्रित करून जोडलेला असतो. घरी बसलेल्या मुलाला दिसते ती फक्त शेवटची झेप.

यावर लंडनमध्ये चांगला मार्ग निघाला. जुन्या फ्रेंच मंडळींबरोबर शिकलेल्या लोकांनी वर्ग सुरू केले, वेस्टमिन्स्टर भागात ते शाळांतही गेले, प्रशिक्षकांसाठी प्रमाणपत्र आलं. 2017 च्या जानेवारीत ब्रिटनने पार्कूरला खेळ म्हणून अधिकृत मान्यता दिली. पण त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कूर आपल्या छत्राखाली घ्यायचं ठरवलं आणि अनेक देशांतल्या पार्कूर संघटनांनी त्याला विरोध केला. 2018 मध्ये महासंघाने तो निर्णय पक्का केला, 2022 मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धाही झाली. भांडण नुसतं सत्तेचं नव्हतं. घड्याळ आणि गुण आले की ‘टिकणं’ मागे पडेल, ही भीती त्यात होती. एबेरचा 1925 चा आक्षेप जवळजवळ शतकानंतर पुन्हा उभा राहिला. माझं मत विचाराल तर स्पर्धा असायला हरकत नाही. वस्तीतला गट मात्र तिच्यापायी मोडू नये.

आता मी माझ्या विषयाकडे येतो. प्लेटोचा ‘लाखेस’ नावाचा एक संवाद आहे. दोन बाप विचारत असतात की मुलांना शस्त्रविद्या शिकवावी का, आणि चर्चा येते धैर्य म्हणजे काय इथवर. सॉक्रेटिस एक साधा प्रश्न टाकतो : विहिरीत सूर मारणारे दोन जण आहेत, एकाला ती कला येते, एकाला येत नाही. जास्त धैर्यवान कोण? लाखेस हा सेनापती म्हणतो, न येणारा. सॉक्रेटिस विचारतो, पण ते तर अविचाराचं साहस, आणि धैर्य तर आपण चांगली गोष्ट मानतो, मग? संवाद व्याख्या न देताच संपतो.

ग्रीकांची विहीर आणि आपली विहीर फार वेगळी नाही. खेडेगावात मुलं पोहायला शिकत ती पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून. काठावर थोरला भाऊ किंवा काका उभा, पाण्यात दोन पट्टीचे पोहणारे. आधी पायरीवरून, मग कठड्यावरून, आणि पुढच्या वर्षी मोटेच्या धावेवरून सूर. त्या मुलाला भीती वाटत नसे असं नाही. भीतीला उत्तर म्हणून त्याच्याकडे शिक्षण आणि माणसं होती. धैर्याची व्याख्या मला अजूनही एका वाक्यात देता येणार नाही, पण ते असं घडतं एवढं मी म्हणेन.

तेव्हा तुमच्या घरातल्या मुलामुलीने ‘मला पार्कूर शिकायचंय’ म्हटलं, तर नाही म्हणू नका. एकट्याने गच्चीवर जाऊ देऊ नका आणि गट शोधा. गट चांगला आहे की नाही, हे एका संध्याकाळी जाऊन बघितलं तरी कळतं. अंग गरम केल्याशिवाय कुणी उडी मारतं का? भिंत हलते का, शेवाळ आहे का, पलीकडे काय आहे हे आधी हाताने आणि डोळ्याने तपासतात का? आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे सगळ्यात आधी. नव्याला जमिनीच्या जवळ ठेवतात का? दुखतंय असं म्हणणाऱ्याला हसतात का? मोबाइल आधी बाहेर निघतो की नंतर? आणि मुख्य म्हणजे, एखाद्याने उडीच्या काठावर उभं राहून ‘आज नको’ म्हटलं आणि तो मागे फिरला, तर बाकीचे काय करतात? त्याला जागा देत असतील, तर मूल तिथे खुशाल पाठवा.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.