‘ब्रह्मचारी’चे उसने व्रत

मराठी चित्रपटाला वाचा फुटली ती १९३२ साली, ‘अयोध्येचा राजा’मध्ये, म्हणजे सत्यवचनी हरिश्चंद्राच्या मुखातून. पुढची काही वर्षे पडद्यावर बहुतांशी देव, राजे व संत यांचेच राज्य होते. १९३६ साली मास्टर विनायक, बाबुराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात ‘हंस पिक्चर्स’ काढली. या संस्थेच्या ‘ब्रह्मचारी’ने १९३८ साली एका सामान्य, किंबहुना काहीशा बावळट तरुणाला नायकपदी बसविले.

हा नायक औदुंबर. विनायकांनी दिग्दर्शनाबरोबरच ही भूमिकाही केली. प्रारंभी औदुंबर सिनेनटींच्या छायाचित्रांत रमलेला असतो. देशभक्त जटाशंकरांचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान तो ऐकतो आणि एका दिवसात त्याचा कायापालट होतो. चित्रे जातात, व्यायाम सुरू होतो आणि स्वारी आचार्य चंडीरामांच्या स्वावलंबनाचे धडे देणाऱ्या संस्थेत दाखल होते. तेथे किशोरी भेटते. पुढे काय होणार हे प्रेक्षकांना कळते. फक्त औदुंबराला कळत नाही. सारी गंमत तेथेच आहे.

कथा-संवाद आचार्य अत्रे यांचे. एखाद्या खुळाने माणसाला पुरते झपाटावे आणि त्यातून त्याची फजिती व्हावी, हे सूत्र त्यांनी १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’ नाटकात आधीच हाताळले होते. तेथे सूर्यनमस्काराचे वेड होते, येथे ब्रह्मचर्याचे. देशसेवेसाठी अविवाहित राहावे, हा उपदेश त्या काळी तरुणांना व्यासपीठांवरून होत असे. अत्र्यांच्या विनोदाला असे जिवंत लक्ष्य लागे.

आज मात्र ‘ब्रह्मचारी’ म्हटले की लोकांना एकच गोष्ट आठवते: पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात उतरलेल्या मीनाक्षी शिरोडकर आणि ते गाणे. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. त्या दृश्याने खळबळ माजली हे खरे. पण चित्रपटाची आठवण तेवढ्यावरच थांबावी, हा त्याच्यावर अन्याय आहे. दादा चांदेकरांची ती चाल खेळकर आहे, गाण्यातला प्रसंग गोपी-कृष्णांच्या जलक्रीडेचा आहे. म्हणजे परंपरेच्या नावाने ब्रह्मचर्य शिकविणाऱ्यांना उत्तर मिळते तेही परंपरेच्याच भांडारातून! औदुंबराजवळ या गाण्याला उत्तर नाही. पाठ केलेले व्याख्यान गाण्यापुढे टिकत नाही.

व्रतस्थ जीवन पत्करलेल्या माझ्यासारख्याला या विनोदाचा राग यावा, अशी काहींची अपेक्षा असते. तो येत नाही. औदुंबराने व्रत घेतलेलेच नसते. त्याने दुसऱ्याचा आवेश अंगावर चढविलेला असतो. आपण कोण, हे त्याला जटाशंकर सांगतात, मग चंडीराम सांगतात. त्याला स्वतःच्या मनाला विचारायला लावते ती किशोरीच. अत्र्यांनी हसे केले ते या उसनेपणाचे, आणि ते करताना औदुंबराला त्यांनी खलनायक ठरविले नाही, यात त्यांचे मोठेपण आहे.

‘ब्रह्मचारी’ मराठीप्रमाणे हिंदीतही निघाला. त्याच वर्षी विनायकांनी वि. स. खांडेकरांच्या कथेवर ‘ज्वाला’ हा गंभीर चित्रपट केला होता. त्यांची स्वतःची ओढ तिकडेही होती. लोकांनी मात्र त्यांना हसविणारा म्हणूनच जवळ केले. १९३९ साली अत्रे-विनायक जोडीने दारूबंदीवरचा ‘ब्रँडीची बाटली’ दिला. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर अवघ्या चार दिवसांनी, विनायक गेले.