ट्रेडमिल, डंबेल आणि लंडनची बस

वजन कमी करायचं तर पळायचं की वजनं उचलायची? आमच्या हिंजवडीत जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी निघतोच. दोन पक्ष आहेत. कार्डिओवाल्यांना ट्रेडमिलच्या पडद्यावरचे कॅलरीचे आकडे तोंडपाठ. वेट्सवाले म्हणणार, "अरे पळून पळून नुसता वाळशील, पोट आहे तिथंच राहील." टॅब वापरावेत की स्पेस या विषयावर आमच्यात जेवढ्या जोशात भांडणं होतात, तेवढ्याच जोशात हेही होतं. निष्पन्नही तेवढंच होतं.

मला एक खोड आहे. कोडमधली एखादी ओळ कळली नाही की ती कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे मी आधी बघतो. बऱ्याचदा असं निघतं की ती ओळ भलत्याच कामासाठी लिहिलेली असते आणि आपण उगाच तिच्यावर आपला सगळा डोलारा उभा केलेला असतो. कार्डिओ आणि वेट्सचं तेच केलं, दोन शनिवार-रविवार घालवून. आणि मंडळी, गंमत अशी की वजन कमी करणं हा या दोघांचाही मूळ विषय नव्हताच! एकाचा जन्म हार्ट अॅटॅकच्या धास्तीतून झाला आणि दुसऱ्याचा लढाईत जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पायांतून.

आधी लंडनला जाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं हृदयविकार एवढा का वाढतोय हे कुणाला नीट कळत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं त्यासाठी जे साधन शोधलं ते मला फार आवडलं : डबलडेकर बस. एकच कंपनी, एकाच थरातली माणसं, साधारण सारखाच पगार. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावर. कंडक्टरच्या एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढून व्हायच्या. (आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरमधल्या कंडक्टरकाकांचंही काही वेगळं नसणार.) इतकं तयार ए/बी टेस्टिंग प्रयोगशाळेतसुद्धा जमणार नाही. ३५ ते ६४ वयाच्या जवळपास ३१ हजार कामगारांचे आकडे घेऊन १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी, झालाच तर उशिरा, आणि झाल्यावर लगेच दगावण्याचं प्रमाणही कमी.

मॉरिस तिथंच थांबले नाहीत. १९५६ साली त्यांनी बस कंपनीच्या गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि पँटींच्या कमरेची मापं ताडून पाहिली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या. झालं, कुणीही म्हणेल, पायऱ्या चढल्यामुळे कंडक्टर सडपातळ! पण नंतर दुसऱ्या संशोधकांनी नव्यानं भरती झालेली तरुण पोरं तपासली, तेव्हा दिसलं की ड्रायव्हर म्हणून येणारी माणसं मुळातच वेगळ्या अंगकाठीची होती. म्हणजे जिना चढून पोट गेलं की पोट नव्हतं म्हणून जिन्याची नोकरी घेतली, हे त्या पँटींवरून सांगता येत नाही. कोरिलेशन आणि कॉजेशन, दुसरं काय. हृदयाबद्दलचा मॉरिसचा निष्कर्ष मात्र टिकला. व्यायामाच्या आधुनिक शास्त्राचा पाया इथं पडला आणि तो हृदयासाठी पडला, कमरेसाठी नाही.

त्याच्या थोडं आधी शिकागोच्या एका लष्करी इस्पितळात टॉमस डिलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत होता. गुडघे आणि मांड्या दुखावलेले शेकडो सैनिक तिथं पडून होते आणि खाटा अपुऱ्या पडत होत्या. तेव्हाची पद्धत म्हणजे हलका हलका व्यायाम, महिनोन्‌महिने. डिलॉर्म स्वतः हौसेनं वजनं उचलणारा. त्यानं उलटं केलं : जड वजन द्या, थोड्याच वेळा उचलायला लावा आणि दर आठवड्याला वजन वाढवत न्या. १९४५ साली त्यानं ही पद्धत छापली. सुरुवातीला तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घ्यायचा. नंतर लक्षात आलं की एवढ्याची गरज नाही, आणि १९४८ मध्ये ते तीनवर आणले. आज जगातल्या कुठल्याही जिममध्ये ट्रेनर "तीन सेट, दहा रेप्स" म्हणतो ना, तो आकडा इथला. पँटची कंबर कमी करणं डिलॉर्मच्या स्वप्नातही नव्हतं. माणूस कुबड्या टाकून घरी गेला पाहिजे, बस्स.

आता तिसरा माणूस, आणि खरी फाळणी यानं केली. केनेथ कूपर, अमेरिकन हवाई दलातला डॉक्टर. त्याला एक गोष्ट खुपत होती. पिळदार दंडांचे तगडे जवान थोडं पळाले की धापा टाकायचे, आणि दिसायला किरकोळ असलेले काही जण आरामात पळत राहायचे. त्यानं बारा मिनिटांची एक चाचणी बसवली. बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर कापता ते मोजायचं, त्यावरून शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज बांधायचा. १९६८ साली त्याचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. त्यात प्रत्येक व्यायामाला गुण होते आणि आठवड्याला तीस गुण मिळवायचे होते. पळणं, पोहणं, सायकल यांना भरघोस गुण. वजनं उचलण्याला जवळपास काहीच नाही.

हे का, ते समजून घ्यायला हवं. कूपरचा प्रश्न हृदय आणि फुप्फुसांच्या क्षमतेचा होता. त्या मोजपट्टीवर डंबेल नापास होणारच. मासा झाडावर चढत नाही म्हणून नापास करावा तसं. पण पुस्तक तुफान खपलं आणि 'एरोबिक्स' हा शब्द घराघरात गेला. ब्राझीलनं १९७० च्या विश्वचषकाची तयारी कूपरच्या पद्धतीनं केली, कप जिंकला, आणि तिथल्या भाषेत जॉगिंगला 'कूपर करणं' असंच म्हणायला लागले! विल्यम स्टॉब नावाच्या एका मेकॅनिकल इंजिनिअरनं (आपल्यातलाच म्हणायचा) हे पुस्तक वाचलं आणि पावसा-बर्फाच्या दिवसांत लोकांनी पळायचं कुठं असा विचार करून घरात मावेल असं स्वस्त ट्रेडमिल बनवलं. दवाखान्यातलं यंत्र दिवाणखान्यात आलं ते असं.

वजन कमी करण्याची आशा या गाडीत कधी चढली? त्याला एक चेहरा होता. जिम फिक्स हा अमेरिकन लेखक. पस्तिशीत पळायला लागला तेव्हा जवळपास शंभर किलोचा होता आणि दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायचा. सिगारेट सुटली, वजन पंचवीसेक किलोनं उतरलं, आणि १९७७ मध्ये त्यानं लिहिलेलं पळण्यावरचं पुस्तक लाखोंनी खपलं. पळा आणि बारीक व्हा, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. १९८४ मध्ये व्हरमाँटमधल्या एका रस्त्यावर पळताना हृदयविकारानंच तो गेला, वयाच्या ५२ व्या वर्षी. लोकांनी टिंगल केली, जी मला तरी क्रूर वाटते. त्याचे वडील पहिल्या झटक्यातून कसेबसे वाचून ४३ व्या वर्षी त्याच आजारानं गेले होते. पळण्यानं त्याची नऊ वर्षं वाढवली, असंही म्हणता येईल की.

चेहऱ्याबरोबर एक आकडाही होता. मॅक्स विश्नोफ्स्की या न्यूयॉर्कच्या डॉक्टरनं १९५८ साली हिशोब मांडला की एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी. किलोत सांगायचं तर साधारण ७७००. ट्रेडमिलवाल्यांना हा आकडा सोन्याची खाणच ठरला : पडद्यावर तीनशे दिसले, भागाकार करा, महिन्याला एक किलोच्या वर. पण शरीर हे असं सरळ रेषेतलं मॉडेल नाही. वजन घटलं की खर्चही घटतो आणि भूक वाढते. तासभर चालून जेवढं जळतं तेवढं एक वडापाव परत भरून काढतो, हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. हर्मन पाँट्झर यांनी २०१२ मध्ये टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. शिकार आणि कंदमुळांसाठी मैलोन्‌मैल चालणारी ही माणसं. शरीराचं आकारमान लक्षात घेतल्यावर त्यांचा खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन माणसाएवढाच भरला! शरीर एकूण बजेट सांभाळतं, एका खात्यात जास्त गेलं की दुसऱ्यात कात्री लावतं, असं पाँट्झर म्हणतात. सगळ्यांना ते मान्य नाही. पण ट्रेडमिलच्या पडद्यावर माझा तरी आता विश्वास उरलेला नाही.

इथं थोडं घरचं. आपल्या तालमीत ही फाळणी कधी नव्हती. शे-दोनशे जोर आणि बैठका एका दमात काढणारा पैलवान कार्डिओ करतोय की स्ट्रेंथ? शिवाय तालमीत दूध-तूप-बदामाचा खुराक असायचा, तिथं वजन वाढवणं हेच काम! पण औंधच्या राजेसाहेबांची, भवानराव पंतप्रतिनिधींची गोष्ट यात चपखल बसते. १८९७ साली त्यांनी युजीन सँडो या प्रख्यात बलभीमाची उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि दहाएक वर्षं निष्ठेनं ती पद्धत चालवली. मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून सूर्यनमस्काराकडे वळले, तो संस्थानातल्या शाळांत नेला आणि त्याच्यावर पुस्तकं लिहिली. म्हणजे वेट्स सोडून दुसऱ्या पक्षात गेलेला पहिला मराठी माणूस राजा होता म्हणायचं का? मला नाही तसं वाटत. नमस्कारात हातांवर अंगाचा भार घ्यावा लागतो आणि दमही लागतो. कूपरनं त्याला किती गुण दिले असते कोण जाणे.

बाहेर ही फाळणी बरीच वर्षं टिकली. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या १९७८ च्या शिफारशी सगळ्या दमाच्या व्यायामाबद्दल होत्या. वजनांना त्यांत जागा मिळाली ती १९९० साली.

मग थेट सामना झाला का? झाला. ड्यूक विद्यापीठातला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. ११९ जाड, बैठ्या माणसांना आठ महिने तीन गटांत व्यायाम दिला, आहार बदलायला सांगितलं नाही. पळणाऱ्यांचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास उतरलं. वजनं उचलणाऱ्यांचं थोडं वाढलं, कारण स्नायू वाढले. दोन्ही करणाऱ्यांची चरबीही उतरली आणि स्नायूही वाढले, पण वेळ दुप्पट गेला. कार्डिओवाले इथं उड्या मारतील. मारा, पण आठ महिन्यांत पावणेदोन किलो, हेही जोरात वाचा.

मला जास्त महत्त्वाचा वाटला तो २०१७ चा प्रयोग, कारण तो माझ्या आईबद्दल आहे. म्हणजे आईसारख्यांबद्दल. तिचं वय ६६, गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी दहा किलो उतरवायला सांगितलंय. तिनं भात निम्मा केला आणि सकाळी सोसायटीच्या बागेत फेऱ्या सुरू केल्या. प्रयोगात ६५ च्या पुढची १६० लठ्ठ माणसं होती. तुलनेसाठीचा एक गट सोडून बाकी सगळ्यांचा आहार कमी केला, आणि कुणाला दमाचा व्यायाम, कुणाला वजनं, कुणाला दोन्ही. सहा महिन्यांनी तिन्ही गटांचं वजन सारखंच उतरलं, ९ टक्के. म्हणजे काटा आहारानं हलवला, व्यायामाचा प्रकार कोणता याला त्यात किंमत नव्हती. फरक पडला तो काय गेलं यात. नुसत्या दमाच्या व्यायामाच्या गटात स्नायू वगैरे चरबीशिवायचं वजन ५ टक्के गेलं, वजनं उचलणाऱ्यांत २, दोन्ही करणाऱ्यांत ३. आणि खुर्चीतून उठणं, जिना चढणं असल्या कामांत दोन्ही करणारे सगळ्यात पुढे. काट्याला हे दिसत नाही. त्याच्या दृष्टीनं किलो म्हणजे किलो, मग तो पोटावरचा असो की मांडीचा.

या वयात गेलेला स्नायू परत आणणं किती अवघड असतं हे मी आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत पाहिलंय. म्हणून फिजिओथेरपिस्टना विचारून आईला दोन गोष्टी जास्तीच्या दिल्या : खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, आणि पाण्याच्या भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांनी डोक्यावर नेणं. दहा-दहाचे तीन सेट. डिलॉर्म कोण हे तिला सांगितलं, तिनं ऐकून घेतलं. "स्क्वॉट" हा शब्द मात्र तिला अजिबात पटला नाही. "बैठका म्हण की सरळ," म्हणाली.