मेणातली त्वचा, पडद्यावरची त्वचा

रुग्ण समोर नसताना त्वचारोग शिकता येतो का? २०२० मध्ये हा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. पण तो चांगला दीडशे वर्षं जुना आहे, बरं का!

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात ज्यूल बारेत्ता नावाचा कारागीर होता. आधी तो कागदाच्या लगद्याची हुबेहूब फळं बनवायचा. १८६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी त्याला वेगळंच काम दिलं. पुरळ आलेल्या अंगाचा प्लास्टरने साचा घ्यायचा, त्यात मेण ओतायचं आणि रुग्णाकडे बघून रंग द्यायचा. पुरळ बरी होऊन जायची, मेणातली मात्र राहायची. क्वचित दिसणारा आजारसुद्धा विद्यार्थ्याला कधीही बघता येऊ लागला. १८८९ साली तिथे या मेणप्रतिकृतींचं संग्रहालय सुरू झालं. आज त्यात साडेचार हजारांहून जास्त प्रतिकृती आहेत.

पण एक गोष्ट बघा. संग्रहालय रुग्णालयातच होतं. मेण बघायचं आणि वॉर्डात जाऊन माणूस तपासायचा, असं दोन्ही चालायचं.

आता येऊ २५ मार्च २०२० वर. देशभर लॉकडाऊन लागला आणि त्याच तारखेची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे आली. त्वचेच्या ओपीडी ओस पडल्या, निवासी डॉक्टर कोविड वॉर्डात गेले. शिकणं उरलं ते मोबाईलवरच्या फोटोंवर आणि ऑनलाइन वर्गांवर.

फोटोतून बरंच कळतं. गजकर्णाची कडा दिसते, सोरायसिसचा पापुद्रा दिसतो. पण आपल्याकडे या एमडीच्या नावातच त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे तिन्ही आहेत. कुष्ठरोगाचा फिकट चट्टा फोटोत साधाच वाटू शकतो. तो बधिर आहे का, कोपरामागची नस जाड झालीय का, हे हात लावल्याशिवाय समजत नाही. आणि ते वेळेत समजलं नाही, तर बोटं वाकडी होऊ शकतात. शिवाय सावळ्या कातडीवर लाली लाल दिसेलच असं नाही. ती जांभळट, काळपट दिसते. खराब उजेडातल्या फोटोत तीही हरवते.

फोटो पुरेसा आहे की रुग्णाला बोलवायचं, हे त्या मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरच्या निर्णयावर सोडलंय. निवासी डॉक्टरला शिकवायचा खरा धडा हाच. आणि “तुम्ही प्रत्यक्ष या” हे कधी म्हणायचं, ते त्यालाच उमजतं ज्याने आधी शेकडो चट्टे हाताने तपासलेत.

भेटू पुढच्या भागात.